पार्लरवाल्या काकींना विचारा : बाटल्यांची खोली आणि उरलेली ११ मिनिटं

गेल्या अंकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या. शाहूपुरीतल्या आमच्या गेम पार्लरमधला ३८६ संगणक माळ्यावरून उतरवला, पुसला, वायर लावली आणि तो चालू झाला, एवढंच. त्यावर संपादकांनी परवा पत्रांची पिशवीच घरी पाठवली आणि फोनवर म्हणाले, "काकी, आता तुम्हीच निस्तरा."

ज्यांना पार्लर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९४ पासून २००९ पर्यंत घराच्या पुढच्या सोप्यात आम्ही आधी टीव्हीवरचे व्हिडिओ गेम, मग संगणक आणि शेवटी सायबर कॅफे चालवला. आमचे हे फाउंड्रीत पाळीला, त्यामुळं गल्लाही माझ्याकडे आणि पोरंही माझ्याकडे. अर्ध्या तासाला ५ रुपये. मध्येच लाइट गेली तर उरलेली मिनिटं चिठ्ठीवर लिहून द्यायची. पुढच्या वेळी चिठ्ठी दाखवली की तेवढं खेळायला मिळायचं.

संगणक चालू झाला यात माझी करामत काही नाही. त्या काळच्या बोर्डावर निळी, नळकांड्यासारखी बॅटरी असायची. जुनी झाली की ती पाझरते आणि आतला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पोरानं २००३ साली ती कापून टाकली होती, म्हणून हा वाचला. आता दर वेळी सुरू करताना तारीख विचारतो, हार्ड डिस्कचे आकडेही सांगावे लागतात. आमच्या सासूबाई शेवटी शेवटी अशाच झाल्या होत्या. तुमच्या माळ्यावर असा संगणक असेल तर गेमचं नंतर बघा, आधी खोकं उघडून ती बॅटरी काढा.

आणखी एक. मी कोल्हापूरची, त्यामुळं 'मी सांगतो, मी बघतो' असंच बोलते. संपादक ते 'सांगते, बघते' करून छापतात. वाचताना तेवढं सांभाळून घ्या.

काकी, राजपुत्राच्या गेममध्ये पहिली स्टेज संपली की एक खोली यायची. सगळीकडं बाटल्या आणि बाटल्यांच्या वर इंग्रजी अक्षरं. मला स्वच्छ आठवतंय. पण आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं तर निम्मे म्हणतात, असलं काही नव्हतंच, तुला स्वप्न पडलं असेल. खरं काय?
— यंत्रमागवाला, इचलकरंजी

स्वप्न नाही. खोली खरी आहे. आणि तुमच्या ग्रुपातले ते निम्मेही खोटं बोलत नाहीत, त्यांची फ्लॉपी दुसरीकडची होती.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधली ती खोली म्हणजे कुलूप. गेम विकत घेतला की खोक्यात एक पुस्तिका मिळायची. पडद्यावर खाली प्रश्न यायचा: पुस्तिकेच्या अमुक पानावर, तमुक ओळीत, इतव्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? ते अक्षर जिच्यावर आहे ती बाटली प्यायची, की पुढचं दार उघडं. विकत घेणाऱ्याकडेच पुस्तिका, म्हणून विकत घेणाऱ्यालाच दार. आमच्याकडे अर्थातच नव्हती. त्या काळी कोल्हापुरात कुणाकडे मूळ पुस्तिका असेल तर त्यानं कळवावं, मी स्वतः पेढे घेऊन येईन.

मग आमच्या पोरांनी काय केलं, तर एक २०० पानी वही घातली. प्रश्न यायचा, कुणीतरी अंदाजानं एक बाटली प्यायचं, बहुतेक वेळा घात व्हायचा, आणि वहीत नोंद व्हायची: पान इतकं, ओळ इतकी, शब्द इतका, हे अक्षर नाही. दोन-अडीच महिन्यांत वही भरत आली आणि बाटली बरोबर लागायला लागली. ज्या पोरांनी शाळेत कधी प्रयोगवही पुरी केली नाही, त्यांनी. पुढं कुणीतरी पुण्याहून कुलूप तोडलेली कॉपी आणली, त्यात ती खोलीच नव्हती. तुमचे मित्र खेळले असतील ते हीच. त्या दिवशी वही अडगळीत गेली, आणि ज्यानं ती घातली होती तो पोरगा आठवडाभर पार्लरकडे फिरकला नाही.

आता तुम्ही विचारलं नाही, पण सांगायचा मोह होतोय. तो राजपुत्र बाकीच्या गेममधल्या बाहुल्यांसारखा टुणटुण का उडत नव्हता? कारण तो खरा माणूस होता. गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. गेम १९८९ साली आधी ॲपल टू संगणकासाठी आला. त्या संगणकाची मेमरी इतकी अपुरी की दुसरा नीटसा शत्रू बसवायला जागाच उरेना. मग त्यानं राजपुत्राचीच चित्रं पुन्हा वापरून त्याची सावली केली. आरशातून उडी मारल्यावर दुसरीकडं निघून जाते ती. जागा नव्हती म्हणून सुचलेली गोष्ट, आणि गेममध्ये लोकांना सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती हीच.

बाराव्या स्टेजला ती सावली परत समोर येते आणि तलवार उपसते. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा तिथं तीन दिवस अडकला होता. सावलीला मारलं की याचंच रक्त कमी व्हायचं. तिसऱ्या दिवशी पलीकडं आपल्या भावाची वाट बघत बसलेली सातवीतली मुलगी म्हणाली, "तलवार आत ठेव की. तो तूच हाईस न्हवं?" त्यानं ठेवली. सावलीनंही ठेवली, आणि दोघं एक झाले. त्या मुलीनं आमच्याकडे पैसे देऊन एकदाही गेम खेळला नाही.

जुना गाड्यांचा गेम नव्या लॅपटॉपवर टाकला. सुरू केला की गाडी डोळ्याचं पातं लवायच्या आत आपटते. लॅपटॉप बिघडलाय का?
— शिक्षक, गडहिंग्लज

लॅपटॉप ठीक आहे, गेम गोंधळलाय. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. तेव्हाचे कितीतरी गेम घड्याळ बघून चालतच नव्हते; संगणक जेवढ्या वेगानं मोजेल तेवढ्या वेगानं गाडी पळायची. गुऱ्हाळाच्या घाण्याला बैलाऐवजी बुलेट जुंपल्यासारखं झालंय तुमचं. आमच्या ३८६ च्या डब्यावर 'टर्बो' लिहिलेलं बटण होतं. पोरांना वाटायचं त्यानं संगणक जोरात पळतो. खरं तर जुन्या गेमसाठी संगणकाला हळू करायची ती सोय होती.

डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्राम घ्या आणि गेम त्याच्या आत चालवा. कंट्रोल धरून एफ-११ दाबत राहिलं की वेग कमी होतो, एफ-१२ नं वाढतो. माउस आत अडकला म्हणून घाबरू नका, कंट्रोल आणि एफ-१० दाबलं की सुटतो. मला रात्री साडेदहाला आलेल्या फोनांत निम्मे या माउसचेच असतात.

वडिलांच्या कपाटात व्हिडिओ गेमचा डबा, पिवळी कॅसेट आणि बंदूक सापडली. घरच्या ४३ इंची एलईडीला जोडलं. मारिओ चालतो, पण बदकं एकही पडत नाहीत. नेम चुकला की येणारा तो कुत्रा हसतोय. बंदूक गेली का?
— इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, कागल

बंदूक बहुतेक धडधाकट आहे, टीव्ही नवा आहे हाच दोष. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश बघणारा डोळा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. डोळ्याला आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं, तर बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीवर बेतलेलं आहे. त्या टीव्हीत एक किरण सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी काढत पडदा रंगवत असतो, आणि बंदुकीला फक्त तेवढ्याच वेगाची उघडझाप ओळखू येते. एलईडीत ओळी तशा निघत नाहीत, वर चित्रही किंचित उशिरा येतं. तोवर गेमनं निकाल देऊन टाकलेला असतो.

म्हणजे तुम्हाला डबा टीव्ही लागणार. गल्लीत विचारा, कुणीही फुकट देईल, वर उचलून नेल्याबद्दल चहा पाजेल. फक्त त्याचं पाठीमागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद करून प्लग काढला तरी आतल्या नळीत काही हजार व्होल्ट तसेच बसलेले असतात. टीव्ही मेकॅनिकचं काम त्याला करू द्या.

आणि कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नका. आम्ही सगळ्यांनी मारली, मीही मारली, दिवसातून शंभरदा. फुंकरीनं काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत बसवल्यानं होत होतं. तोंडातल्या ओलाव्यानं उलट पिना गंजल्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

कुत्र्याला गोळी लागत नाही. हे मी १९९४ पासून सांगतेय.

डेव्हच्या गेममध्ये खाली एक वाक्य यायचं ते काय होतं? तेव्हा इंग्रजी येत नव्हतं.
— रिक्षाचालक, कसबा बावडा

कप उचलला की यायचं: 'गो थ्रू द डोअर'. दारातून जा. फक्त 'थ्रू'चं स्पेलिंग त्यांनी अमेरिकन घाईत टी-एच-आर-यू एवढंच केलं होतं. आमच्याकडच्या एका आठवीतल्या मुलानं सहामाहीला तेच लिहिलं, बाईंनी अर्धा मार्क कापला आणि तो पेपर घेऊन माझ्याकडे भांडायला आला. मी त्याला अर्धा तास फुकट दिला. हा 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरोनं १९८८ साली लिहिला. पुढं 'डूम' हा गाजलेला गोळीबाराचा गेम करणाऱ्यांपैकी तोच. तेव्हा मला हे ठाऊक असतं तर बाईंना जाऊन सांगितलं असतं, काय फरक पडला असता देव जाणे.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं. भावानं शाळेत असताना स्वतः लिहिलेल्या गेमच्या फ्लॉप्या ट्रंकेत होत्या. भाऊ आता नाही. ट्रंक तेव्हा उघडली, बघवेना म्हणून बंद केली. आता काही होऊ शकेल का?
— गृहिणी, शाहूपुरी

ताई, तुमची गल्ली माझ्या गल्लीच्या पलीकडं असणार. त्या ऑगस्टात आमच्याही सोप्यात पंचगंगा आली होती. माळ्यावरचं वाचलं, खालचे सगळे डबे गेले. पाणी ओसरल्यावर कीबोर्ड उलटा केला तर चिखलाबरोबर एक जिवंत खेकडा बाहेर आला. तेव्हा रडू आलं होतं, आता सांगताना हसू येतं. पण तुमचं तसं नाही, म्हणून नीट सांगते, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे, कुणाही उत्साही पोराला फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घालू देऊ नका. पुराचं पाणी वाळलं की मागं गाळ आणि बुरशी राहते. ती ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाला चिकटते, चकतीवर चरे पाडते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीची वाट लावते. फ्लॉपीची धातूची झडप बाजूला सारा आणि आतली तपकिरी चकती उजेडात धरून बघा. गुळगुळीत दिसली तर आशा बरीच. पांढुरके ठिपके असले तर बुरशी. ठिपके असले म्हणजे गेलीच, असं मात्र नाही. माहिती चुंबकाच्या रूपात असते, पाण्यानं ती पुसली जात नाही.

आधी एखाद्या कोऱ्या किंवा बिनकामाच्या फ्लॉपीवर हात बसवा. प्लास्टिकचं कव्हर कडेनं अलगद उकलायचं, चकती मधल्या धातूच्या तुकड्याला धरून काढायची, तपकिरी भागाला बोट लावायचं नाही. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वाटीत घ्यायचं, साध्या साबणाचा एक थेंब, त्यात चकती हलवून विसळायची, मग नुसत्या पाण्यात. सावलीत वाळवायची, उन्हात नाही, पंख्याखाली नाही. वाळली की दुसऱ्या स्वच्छ फ्लॉपीच्या कव्हरमध्ये बसवायची. साडेतीन इंची असेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, त्यात वाचता येते. वाचताना फाइली एकेक उघडत बसू नका. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत उतरवून घ्या, १.४४ मेगाबाइटचा तर जीव असतो तिचा. कदाचित एकदाच वाचून देईल, मग परत नाही. लेबल मात्र पाण्यात घालू नका. भावाचं अक्षर असेल ना त्यावर.

मोठ्या, सव्वापाच इंची, वाकणाऱ्या फ्लॉप्या असतील तर थांबा. त्यांना यूएसबीचा सरळ ड्राइव्ह नसतो, जुना ड्राइव्ह आणि एक खास कार्ड लागतं. ते करणारी मंडळी आहेत, नेटवरच्या जुन्या संगणकांच्या गटांत भेटतात, आणि अशा कामाला पैसे मागत नाहीत.

वर ज्याचा विषय निघाला त्या मेकनरच्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्याही हरवल्या होत्या. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात सापडल्या, वीसेक वर्षं पडून होत्या. जाणकारांनी बसून त्या वाचल्या आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. त्यांना पूर लागला नव्हता, हे खरं. तरी ट्रंक घेऊन या, रविवार सोडून कधीही. आपण दोघी बसून उघडू.

असे जुने गेम नेटवरून उतरवून घेणं ही चोरी आहे का? मुलगी विचारते.
— बँक कर्मचारी, राजारामपुरी

मुलगी हुशार आहे. 'कंपनी बंद पडली, आता कुणी विकत नाही, म्हणून चालतं' असं ग्रुपवर सगळे म्हणतात. कायद्यात असा प्रकार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि लिहिणारा गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो. वारसाकडे जातो, दुसऱ्या कंपनीकडे जातो, पण जातो कुठंतरी. बरेच जुने गेम आता थोडक्या पैशांत रीतसर मिळतात, ते घ्या. 'डूम'चा पहिला भाग तर डिसेंबर १९९३ मध्ये वाटण्यासाठीच काढला होता: कॉपी करा, मित्राला द्या, आवडला तर पुढचे भाग विकत घ्या.

माझ्या पार्लरमधल्या दीडेकशे फ्लॉप्यांत कायदेशीर म्हणावी अशी ती एकच होती. ते मला २००१ मध्ये कळलं. मुलीला हेही सांगा.

मंगळवार पेठेतला, आता हिंजवडीत. फोनवर ऐंशी जुने गेम भरलेत. कॉन्ट्रा, मारिओ, डेव्ह, सगळं. रात्री पोरं झोपली की लावतो आणि दहा मिनिटांत बंद करतो. त्याच गेमसाठी मी खाऊचे पैसे साठवून तुमच्याकडे यायचो, काकी. माझं वय झालं की गेमच फालतू होते?
— सॉफ्टवेअरवाला, पुणे

काही गेम फालतूच होते रे बाबा. '९९९९ गेम' लिहिलेल्या कॅसेटमध्ये वेगळे गेम किती असायचे? बोटांवर मोजून संपायचे. बाकी सगळी तीच ती, कुठं दुसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठं टोपीचा रंग वेगळा. कॅसेट विकणाऱ्यानं मला फसवलं आणि मी तुम्हाला. तेवढ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस.

पण कॉन्ट्रा फालतू नव्हता. एक विचारते, खरं सांग. फोनवर खेळताना तू दर मिनिटाला 'सेव्ह'चं बटण दाबतोस का? दाबतच असणार. मेला की तिथूनच पुन्हा. ते गेम अवघड केले होते ते थोडक्या स्टेज लांबवायला. पाच-सहा पावलं पुढं जायचं, मरायचं, परत पहिल्यापासून. सेव्ह लावलं की अख्खा गेम वीस मिनिटांचा उरतो, आणि तेवढ्यात काय मजा येणार? पुरणपोळीतलं पुरण नुसतं चमच्यानं खाल्ल्यासारखं आहे ते. गोड लागतं, पण दोन चमच्यांनी पुरे होतं.

दुसरं. तू माझ्याकडे एकटा कधी खेळलास? आठवून बघ. एका टीव्हीपुढं दोन खुर्च्या असायच्या. पैसे दोघांचे, आणि मागं उभे पाच. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की फुकट बघणाऱ्यांना हाकलावं, जागा अडते, पंखा त्यांना लागतो. मी कधी हाकललं नाही, कारण तेच खरे खेळत होते. शाहू स्टेडियमवर बाहेर बसलेल्या प्रत्येकाला मैदानातल्यापेक्षा जास्त फुटबॉल कळतो, तसं. "अरे खाली झोप!", "वरनं येतंय, वरनं!", "दे हिकडं, तुला न्हाई जमायचं." तुमच्या पेठेतली पोरं तर टीव्हीपुढं पण तालमीवरून भांडायची. आणि कॉन्ट्रातली ती ३० जीवांची युक्ती? बटणं दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पाढे येत नव्हते त्यांना ही येत होती. मुळात ती काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसानं १९८६ च्या दुसऱ्याच एका गेमसाठी, 'ग्रॅडियस'साठी केली. तपासायला बसला तर त्याचा त्यालाच गेम जमेना, म्हणून स्वतःपुरती पळवाट ठेवली. ती शाहूपुरीत कशी पोचली ते मला आजवर कळलं नाही. एक दिवस अचानक सगळ्या पोरांना येत होती.

आता तुझ्या कंटाळ्यावर उपाय. आपल्या पार्लरच्या जुन्या पोरांचा एक ग्रुप आहे, नाव 'सोपा'. त्यात फोटो टाकून 'कोणाकोणाला आठवतंय?' विचारायला बंदी आहे, ती मीच घातली. असले ग्रुप आणखी दहा आहेत. लोक कॅसेटचा फोटो टाकतात, सत्तरजण बदाम पाठवतात आणि खेळत कुणीच नाही. आपल्याकडे रविवारी रात्री साडेनऊला एकजण व्हिडिओ कॉलवर आपला पडदा दाखवतो आणि खेळतो. बाकीच्यांनी फक्त ओरडायचं. सेव्ह नाही. तीन जीव गेले की पडदा दुसऱ्याकडे. एकजण शारजातून असतो, त्याचा आवाज जरा मागं पडतो. डेव्ह आगीत पडून मेल्यावर दोन सेकंदांनी तिकडून येतं, "उडी मार, उडी मार!" त्याला आता सगळे ज्योतिषी म्हणतात. गेल्या रविवारी चार स्टेज झाल्या दीड तासात. मी स्वेटर विणत बसते आणि कुणाची पाळी ते सांगते.

तुझा नंबर संपादकांकडे दे. आणि ऐंशीतले पंच्याहत्तर गेम फोनवरून काढून टाक.

आमच्या कार्यालयात एक साहेब माइनस्वीपर, म्हणजे संगणकावरचा तो लपलेले सुरुंग टाळायचा गेम, कधीच हरत नसत. आता निवृत्त झालोय, तरी सलतं. त्यांची काय युक्ती असेल?
— निवृत्त लिपिक, लक्ष्मीपुरी

जुन्या विंडोजवर असेल तर ही बघा. गेम उघडून एक्स-वाय-झेड-झेड-वाय टाइप करायचं आणि शिफ्ट धरून एंटर. मग पडद्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. माउस सुरुंगावर असेल तर काळा, नसेल तर पांढरा. तुमचे साहेब गेमकडे बघत होते की कोपऱ्याकडे, ते आठवा.

काकी, सोबत चिठ्ठी पाठवतोय. पाकिटात सापडली. तुमच्या पार्लरची आहे, '११ मि. बाकी' लिहिलंय. लाइट गेली तेव्हाची. मला माझी मिनिटं पाहिजेत. संगणक चालू झालाच आहे तर विषय संपला!
— हॉटेलवाला, गांधीनगर

चिठ्ठी मिळाली. कागद आमचाच, मागं फाउंड्रीच्या हजेरीचा छापील तक्ता आहे, ह्यांनी तिकडून रद्दी आणायची. अक्षर माझं नाही, ह्यांचं आहे, म्हणजे मी त्या दिवशी बाहेर असणार. म्हणून त्यांनाच दाखवली. चष्मा लावून खिडकीशी नेली, दोन्ही बाजूंनी बघितली. म्हणाले, "पहिला एक माझा. दुसरा एक निळ्या शाईतला आहे, आणि आपल्या गल्ल्यावर निळं पेन कधीच नव्हतं."

तेव्हा दादा, तुमचं १ मिनिट बाकी आहे. या.